खतावणीकडून गुंतवणुकीकडे : मुंबईच्या भांडवल बाजारातील एका वाटेचा इतिहास

पैशाच्या व्यवसायात दोन प्रकारची कामे आरंभापासून वेगळी राहिली आहेत. झालेला व्यवहार नोंदवणे, हिशेब जुळवणे आणि कागदपत्रे योग्य हाती पोचवणे हे पहिले काम होय. भांडवल कोठे, कोणत्या भावाने आणि किती काळासाठी गुंतवावे याचा निर्णय घेऊन त्या निर्णयाचे उत्तरदायित्व स्वीकारणे हे दुसरे. पहिल्या कामाला माणसे पुष्कळ लागतात, परंतु त्यातील बढतीच्या पायऱ्या थोड्या असतात. दुसऱ्या कामाला माणसे थोडी लागतात आणि तेथे प्रवेश कोणाला मिळावा हे बहुधा कामाबाहेरच्या गोष्टी ठरवतात. वित्तव्यवसायात उमेदवारी करणाऱ्या तरुणाला चार-पाच वर्षांत जी कोंडी जाणवू लागते, ती या दोन कामांमधील अंतरातून निर्माण झालेली असते. हे अंतर ओलांडण्याची वाट मुंबईत गेल्या पावणेदोनशे वर्षांत कशी घडत गेली, ती कोणाला खुली होती आणि कोणाला बंद, हे पाहिले असता असे दिसते की वैयक्तिक धाडसाच्या बळावर ती थोड्यांना सापडली, पण ती रुंद झाली ती माहिती, पत आणि नियम यांची व्यवस्था बदलली तेव्हाच.

शेअर बाजार उदयाला येण्यापूर्वी ही वाट पेढीतून जात असे. पेढीवर दिवसाचे व्यवहार कीर्दीत, म्हणजे तारीखवार रोजवहीत, लिहिले जात आणि नंतर ते खतावणीत, म्हणजे प्रत्येक देणेकऱ्या-घेणेकऱ्याच्या स्वतंत्र खात्यात, उतरवले जात. हे काम कंटाळवाणे असले तरी ते करणाऱ्या गुमास्त्याला एक मोलाचे ज्ञान आपोआप मिळत असे : कोणाची हुंडी वेळेवर सकारली जाते, कोण मुदत वाढवून मागतो, कोणत्या मालावर दिलेली रक्कम सुटायला वेळ लागतो, हे त्याला मालकाइतकेच आणि पुष्कळदा मालकाच्या आधी कळे. तथापि त्या ज्ञानाचा उपयोग स्वतःच्या निर्णयाने करण्याची मुभा मिळणे हे नात्यावर, जातीवर आणि मालकाच्या विश्वासावर अवलंबून असे. मुनिमाला परगावच्या दुकानाचा कारभार सोपवला जाई किंवा नफ्यात हिस्सा दिला जाई, तेव्हा खतावणीतील अनुभवाचे भांडवलात रूपांतर होत असे. परंतु हा मार्ग मुख्यतः व्यापारी समाजांच्या आतच राही आणि बाहेरून आलेला लेखनिक बहुधा शेवटपर्यंत लेखनिकच असे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कायद्याने या चित्रात पहिला मोठा बदल घडवला. १८५०च्या कंपनी कायद्याने संयुक्त भांडवलाच्या कंपन्यांच्या नोंदणीची सोय झाली आणि १८५७च्या कायद्याने मर्यादित दायित्वाचे तत्त्व भारतात आले. कंपनी बुडाली तरी भागधारकाला आपल्या भागाच्या रकमेपलीकडे काही द्यावे लागू नये, असा या तत्त्वाचा अर्थ आहे. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापड गिरणीसाठी कंपनी उभारली, बँकांचे आणि गिरण्यांचे शेअर हळूहळू हातोहात फिरू लागले आणि टाउन हॉलसमोरील वडाच्या झाडांखाली शेअर दलाल जमू लागले. दलाल स्वतः भांडवल गुंतवत नसून घेणारा आणि देणारा यांची गाठ घालून त्याबद्दल दलाली घेतो. परंतु दोन्ही बाजूंची निकड आणि ऐपत त्याला दिसत असल्यामुळे नोंदणाऱ्याच्या कामातून निर्णयकर्त्याच्या कामाकडे जाणारी सर्वांत जवळची पायरी त्याच्या धंद्यातच होती.

या पायरीवरून वर गेलेले सर्वांत प्रसिद्ध नाव प्रेमचंद रायचंद यांचे आहे. १८३१ मध्ये सुरत येथे जन्मलेल्या प्रेमचंदांनी वयाच्या विशीच्या सुमारास एका दलालाच्या हाताखाली साहाय्यक म्हणून काम सुरू केले. इंग्रजी लिहिता-वाचता येणारे ते पहिले देशी शेअर दलाल मानले जातात आणि त्यांच्या उत्कर्षाचे मर्म बऱ्याच अंशी या एका गोष्टीत होते, कारण इंग्रज बँका आणि देशी व्यापारी या दोन जगांतील माहिती एकाच माणसाच्या हाती येणे ही त्या काळात असामान्य गोष्ट होती. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस थांबला आणि पश्चिम भारतातील कापसाला अभूतपूर्व भाव आला. त्या पैशाचा लोंढा मुंबईत नव्या बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन तयार करणाऱ्या कंपन्या यांच्याकडे वळला, आणि त्या लोंढ्याला दिशा देणाऱ्यांमध्ये प्रेमचंद अग्रभागी होते.

शेअरबाजारातील ही उसळी या इतिहासात इशारा म्हणूनही महत्त्वाची आहे. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपये भरणा झालेला शेअर ५०,००० रुपयांच्या घरात गेला, दलालांची संख्या साठाच्या आसपास होती ती दोनशेच्या पुढे गेली आणि सौद्यांत उतरणाऱ्यांमध्ये व्यापाऱ्यांबरोबर नोकरदारही मोठ्या संख्येने होते. पुढील तारखेला शेअर देण्या-घेण्याचे, म्हणजे मुदतीचे, सौदे भांडवलाविना करता येत असल्यामुळे कारकुनाला एका उडीत गुंतवणूकदार होता येईल असे वाटू लागले. १८६३च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेवरील निर्बंध सैल झाले होते आणि तिने शेअरांच्या तारणावर सढळ हाताने कर्जे दिली होती. अमेरिकेतील युद्ध १८६५ मध्ये संपले, कापसाचे भाव कोसळले आणि त्या वर्षीच्या १ जुलैला मुदत भरलेल्या सौद्यांची पूर्तता होऊ शकली नाही. प्रेमचंदांसह असंख्यांचे दिवाळे निघाले आणि १८६८ मध्ये ती बँकही गुंडाळावी लागली. पुढे दिनशा वाच्छा यांनी या काळावर लिहिलेल्या ग्रंथात या आपत्तीची सविस्तर मीमांसा केली. दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब ठेवताना लागलेली शिस्त स्वतःच्या निर्णयाला लावली नाही, तर नोंदणाऱ्याच्या कामातून सुटका होते पण गुंतवणूक हाती येत नाही, हा धडा मुंबईने त्या वेळी फार महाग किंमत देऊन घेतला.

या पडझडीतून टिकून राहिलेल्या दलालांनी १८७५ मध्ये नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन ही संस्था स्थापन केली. तीच आजच्या बीएसईची, म्हणजे मुंबई शेअर बाजाराची, पूर्वज होय. आरंभी ३१८ सभासद आणि एक रुपया प्रवेश शुल्क असलेल्या या संस्थेचे सभासदत्व, ज्याला बाजारात कार्ड म्हणत, पुढे दुर्मीळ आणि मौल्यवान झाले. कार्डाभोवती कामांची एक उतरंड तयार झाली. सर्वांत वर सभासद दलाल असे. त्याच्यासाठी गिऱ्हाइके आणून दलालीचा वाटा घेणारा तो रेमिझियर. ठरावीक शेअरांचे खरेदी-विक्रीचे दोन्ही भाव सतत सांगत दिवसभर स्वतःच्या हिमतीवर उलाढाल करणारा तो जॉबर, ज्याला बाजाराच्या बोलीत तारवणीवाला म्हणत. आणि सभासदाच्या वतीने रिंगणात, म्हणजे सौदे पुकारण्याच्या जागेत, उभे राहण्याची परवानगी असलेला तो अधिकृत कारकून. त्याच्याही खाली कार्यालयात सौद्यांचे कागद जुळवणारा, हस्तांतरपत्रावरील सह्या तपासणारा आणि रात्री उशिरापर्यंत येणे-देणे मेळवणारा मोठा वर्ग होता, ज्याचे नाव बाजाराच्या इतिहासात क्वचितच येते.

या उतरंडीत वर चढण्याचे नियम कसे होते याचा सर्वांत स्पष्ट पुरावा १९५७ सालच्या सिक्युरिटीज काँट्रॅक्ट्स (रेग्युलेशन) नियमांत सापडतो. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने एखाद्या सभासदाकडे किमान दोन वर्षे भागीदार, अधिकृत साहाय्यक, अधिकृत कारकून, रेमिझियर किंवा उमेदवार म्हणून काम केलेले असावे, अशी अट त्यात होती. तिला पर्याय म्हणून दुसऱ्या सभासदाबरोबर दोन वर्षे काम करण्याची हमी चालत असे. परंतु त्याच नियमात आणखी एक पर्याय दिलेला होता : मृत किंवा निवृत्त सभासद वडील, काका, भाऊ किंवा अन्य जवळचा नातलग असेल आणि अर्जदार त्याचा धंदा पुढे चालवणार असेल, तर अनुभवाची ही अट लागू होत नसे. कारकुनाची उमेदवारी आणि घराण्याचा वारसा या दोन्ही वाटांना कायद्याने एकाच कलमात शेजारी-शेजारी मान्यता दिली होती. पहिल्या वाटेने जाणाऱ्याला अनुभव मिळत असला तरी कार्डासाठी लागणारी रक्कम आणि जामीन राहणारा सभासद त्याला स्वतःच शोधावा लागे, आणि म्हणून कलमात समान दिसणाऱ्या या दोन वाटा प्रत्यक्षात समान नव्हत्या.

नात्याऐवजी शिक्षणाच्या आधारे वित्तव्यवसायात शिरण्याची सोय विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात निर्माण झाली. १९१३ मध्ये मुंबईत सिडनहॅम कॉलेज ऑफ कॉमर्स सुरू झाले आणि १९१८ मध्ये मुंबई सरकारने हिशेबशास्त्राची शासकीय पदविका चालू केली. १९४९ मध्ये चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा होऊन या व्यवसायाला देशव्यापी स्वरूप आले. ताळेबंद, म्हणजे एखाद्या दिवशी कंपनीची मालमत्ता किती आणि देणी किती हे दाखवणारे पत्रक, आणि नफा-तोटा पत्रक यांचे वाचन आता वर्गात शिकता येऊ लागले. पेढीतील गुमास्त्याला वर्षानुवर्षे खाती लिहून जे उमजत असे, ते कोणत्याही घरातील विद्यार्थ्याला शिकता येईल अशी शक्यता यातून निर्माण झाली, आणि कोकण-देशावरून मुंबईत आलेल्या मराठी मध्यमवर्गाने या शक्यतेचा आधार घेऊन बँका, विमा कंपन्या आणि लेखापरीक्षकांची कार्यालये यांत आपले स्थान मिळवले.

तथापि शिक्षणाने दार उघडले तरी उंबऱ्यावर समाज उभा होता, आणि याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या आयुष्यात आहे. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन ते १९१७ मध्ये परतले आणि शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. तेथे महालेखापालांच्या कार्यालयात त्यांना उमेदवार म्हणून ठेवण्यात आले होते. परंतु अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना आणि ज्या पारशी धर्मशाळेत ते उतरले होते तेथून त्यांना जमावाने बाहेर काढले, तेव्हा त्यांना नोकरी सोडून मुंबईस यावे लागले. मुंबईत त्यांनी शिकवण्या केल्या, हिशेबाचे काम केले आणि स्टॉक्स अँड शेअर्स अॅडव्हायझर्स या नावाने गुंतवणुकीबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो व्यवसाय बंद पडला. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. चलन आणि वित्त या विषयांत त्या काळी त्यांच्या तोडीचा अभ्यास असलेली माणसे देशात अत्यल्प होती. तरीही गुंतवणुकीच्या सल्ल्याचा बाजार त्यांना नाकारला गेला, कारण त्या बाजारात पत ज्ञानाला नव्हती, जन्माला होती. ही वाट कोणासाठी बंद होती याचा विचार न करता तिचा इतिहास लिहिणे म्हणूनच अप्रामाणिक ठरेल.

स्वातंत्र्यानंतर गुंतवणुकीचा निर्णय मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक संस्थांकडे गेला. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली आणि २४५ विमा कंपन्या व भविष्यनिधी संस्था यांच्या एकत्रीकरणातून आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. सामान्य माणसाच्या हप्त्यांतून जमलेला निधी कोणी आणि कसा गुंतवावा हा प्रश्न लगेच पुढच्या वर्षी तीव्रतेने उभा राहिला. १९५७ मध्ये महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले आणि तो निर्णय गुंतवणूक समितीला बाजूला ठेवून झाला होता. न्यायमूर्ती मोहम्मद करीम छागला यांच्या एकसदस्य आयोगाने मुंबईत उघड सुनावणी घेतली आणि तत्कालीन अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना १९५८ मध्ये राजीनामा द्यावा लागला. लोकांचा पैसा गुंतवणाऱ्याने आपल्या निर्णयाची कारणे लेखी मांडली पाहिजेत आणि त्यांची तपासणी झाली पाहिजे, ही अपेक्षा या चौकशीने सार्वजनिक जीवनात रुजवली.

१९६४ मध्ये युनिट ट्रस्ट या सार्वजनिक संस्थेने काम सुरू केले आणि १ जुलैला युनिट योजना ६४ विक्रीस आली. अनेकांची लहान रक्कम एकत्र करून ती विविध शेअर व रोख्यांत गुंतवायची आणि प्रत्येकाला त्याच्या वाट्याची युनिटे द्यायची, ही म्युच्युअल फंडाची कल्पना यातून भारतात आली. या संस्थांमुळे गुंतवणूक हे मालकाचे काम न राहता पगारी व्यावसायिकाचे काम होऊ शकते हे प्रथमच सिद्ध झाले. कंपन्यांचा अभ्यास करून टिपण लिहिणारा अधिकारी हा नवा पेशा येथे आकाराला आला. परंतु शाखेतील पावत्या फाडणाऱ्या साहाय्यकापासून मुख्यालयातील गुंतवणूक विभागापर्यंतचे अंतर लांबच राहिले, कारण अशा संस्थांमध्ये बढती मुख्यतः ज्येष्ठतेने होई आणि गुंतवणूक विभाग आकाराने फार लहान असे.

नोकरीत अडकलेल्या मध्यमवर्गाला याच काळात दुसरी एक वाट सापडली, ती स्वतःच्या बचतीची. १९७३च्या परकीय चलन नियमन कायद्याने अनेक विदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणावा लागला आणि त्यांचे शेअर जनतेला विकले गेले. शेअर कोणत्या किमतीला विकावा हे तेव्हा भांडवल विक्री नियंत्रक हा सरकारी अधिकारी ठरवत असे आणि ती किंमत बाजारभावापेक्षा पुष्कळदा बरीच कमी असे. त्यामुळे अर्ज भरून वाटपात शेअर मिळालेल्या नोकरदार कुटुंबांना भागधारक होण्याचा पहिला अनुभव बहुधा सुखाचा आला. १९७७ मध्ये रिलायन्सच्या शेअर विक्रीने हा वर्ग आणखी वाढवला. बँकेतील किंवा कचेरीतील कारकून दिवसा दुसऱ्याचे हिशेब लिहीत असला तरी घरी कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचू लागला.

कंपनीचा अभ्यास करून शेअरचे मोल ठरवण्याची पद्धत अमेरिकेत याआधीच शास्त्राच्या पातळीवर पोचली होती, आणि तिच्या प्रवर्तकाचा स्वतःचा प्रवास या विषयाशी थेट निगडित आहे. बेंजामिन ग्रॅहॅम १९१४ मध्ये पदवी घेऊन वॉल स्ट्रीटवरील एका दलाली पेढीत अगदी खालच्या पायरीवर रुजू झाले. रोख्यांची माहिती संकलित करण्याच्या कामातून ते विश्लेषक झाले, १९२० मध्ये भागीदार झाले आणि १९३४ मध्ये डेव्हिड डॉड यांच्यासह त्यांनी रोख्यांच्या विश्लेषणावरील आपला पायाभूत ग्रंथ प्रसिद्ध केला. बाजारातील भाव आणि व्यवसायाचे अंगभूत मूल्य यांत फरक असतो, आणि भाव मूल्यापेक्षा पुरेसा खाली असतानाच खरेदी करावी, हे त्यांच्या विचाराचे सार आहे. या विचाराचे मूळ कंटाळवाण्या वाटणाऱ्या आकड्यांच्या संकलनात होते. ग्रॅहॅम यांच्या पुढाकाराने विश्लेषकांसाठी पात्रता परीक्षेची कल्पना मांडली गेली आणि १९६३ मध्ये अशी पहिली परीक्षा झाली.

भारतात या पद्धतीला व्यापक वाव मिळाला तो १९९०च्या दशकात. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सेबी या बाजार-नियामक संस्थेला १९९२ मध्ये वैधानिक अधिकार मिळाले, भांडवल विक्री नियंत्रकाचे पद रद्द झाले आणि १९९३ मध्ये खासगी म्युच्युअल फंड आले. याच संक्रमणकाळात जुन्या बाजाराचे सर्व दोष एका घोटाळ्यात उघडे पडले. सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपनीतल्या साध्या नोकरीपासून सुरुवात करून जॉबरच्या धंद्यात उतरलेले हर्षद मेहता काही वर्षांत बाजारातील सर्वांत प्रभावी दलाल झाले होते. सरकारी रोखे विकल्याची बँकेने दिलेली पावती, म्हणजे बँक रिसीट, प्रत्यक्ष रोखे नसतानाही वापरून बँकांचा पैसा शेअर बाजारात वळवला गेल्याचे एप्रिल १९९२ मध्ये उघडकीस आले. या प्रकरणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या जानकीरामन समितीने गुंतलेली रक्कम सुमारे ४,००० कोटी रुपये असल्याचे दाखवले. १८६५ आणि १९९२ या दोन्ही प्रसंगांत खालच्या पायरीवरून वर आलेल्या कर्तबगार माणसांच्या हाती बँकांचा पैसा पुरेशा तपासणीविना गेला होता. दोष त्यांच्या महत्त्वाकांक्षेइतकाच तपासणीच्या अभावाचाही होता.

त्यानंतरच्या दशकात बाजाराची यंत्रणा मुळापासून बदलली. नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने संगणकाच्या पडद्यावर समभागांचे सौदे सुरू केले आणि मार्च १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारानेही तीच पद्धत स्वीकारली. पुकाऱ्याचे रिंगण संपले आणि त्याबरोबर अधिकृत कारकुनाचे व तारवणीवाल्याचे पारंपरिक स्थानही संपले. १९९६च्या डिपॉझिटरी कायद्याने शेअर कागदाऐवजी संगणकीय नोंदीच्या रूपात ठेवता येऊ लागले, त्यामुळे हस्तांतरपत्रे तपासण्यात आयुष्य घालवणाऱ्या विभागांची गरज ओसरली. सौद्याची पूर्तता पुढील कालावधीत ढकलण्याची बदल्याची पद्धत २००१ मध्ये बंद झाली आणि २०२३ पर्यंत सौदापूर्ती दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी होऊ लागली. नोंदणीचे काम यंत्राकडे गेल्याने त्या कामावर उपजीविका करणाऱ्यांचे नुकसान झाले हे खरे. पण जी माहिती पूर्वी रिंगणात उभ्या असलेल्यालाच मिळे, ती आता कोणालाही एकाच क्षणी मिळू लागली.

यापुढचा टप्पा पात्रतेच्या नियमांचा आहे. सेबीने २०१३ मध्ये गुंतवणूक सल्लागारांसाठी आणि २०१४ मध्ये संशोधन विश्लेषकांसाठी स्वतंत्र नियम केले. शिक्षण, प्रमाणपत्र परीक्षा, हितसंबंधांचे प्रकटीकरण आणि शिफारशीमागील आधाराची लेखी नोंद या गोष्टी त्यांनी आवश्यक ठरवल्या. या परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेचे संकुल रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे आहे. १९५७च्या नियमांतील जवळच्या नातलगाचा पर्याय आणि आजची प्रमाणपत्राची अट यांची तुलना केली, तर बाजाराने पत कशावर ठरवावी याबाबतची धारणा किती बदलली हे लक्षात येते. भांडवल, ओळखी आणि शहरी इंग्रजी शिक्षण यांचे वजन आजही मोठे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. तथापि या नव्या नियमांत जन्माचा पर्याय नाही, ही लहान गोष्ट नव्हे.

या दीर्घ वाटचालीतून निघणारा निष्कर्ष नोकरीच्या आरंभीच कोंडी अनुभवणाऱ्या पिढीसाठी महत्त्वाचा आहे. पेढीतील गुमास्ता, सही तपासणारा कारकून, रोख्यांची माहिती लिहिणारा नवखा कर्मचारी यांचे काम गुंतवणुकीपासून दूर वाटत असले तरी गुंतवणुकीच्या निर्णयाला लागणारी कच्ची सामग्री, म्हणजे कोण वेळेवर पैसे देतो, कोणाचा हिशेब जुळत नाही आणि नफा कोठून येतो याची जाण, त्याच कामातून तयार होते. जे टिकाऊपणे पुढे गेले त्यांनी हिशेबाची शिस्त मागे टाकली नाही, तर ती स्वतःच्या निर्णयांना लावली. जे केवळ सौद्याच्या वेगावर पुढे गेले त्यांच्याबरोबर इतरांचाही पैसा बुडाला. आणि ज्यांच्याजवळ ज्ञान असूनही समाजाने पत नाकारली, त्यांच्या उदाहरणावरून हे कळते की अशा वाटा व्यक्तीच्या जिद्दीवर सोडून देणे पुरेसे नसते. माहिती खुली ठेवणे, पात्रता जन्माऐवजी परीक्षेने ठरवणे आणि दुसऱ्याच्या पैशाबाबत घेतलेल्या प्रत्येक निर्णयाचे कारण लेखी मागणे, या तीन गोष्टी जेथवर पाळल्या जातील तेथवरच हिशेब लिहिणाऱ्याला भांडवलाच्या निर्णयापर्यंत पोचण्याची न्याय्य संधी राहील.